वही लिहिणाऱ्याचा पगार कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च जवळ आला की चाकण, रांजणगाव, हिंजवडी, तळेगावच्या उद्योगांमध्ये सीएसआरचा (उद्योगांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा) उरलेला निधी खर्ची घालण्याची घाई सुरू होते. त्यातला काही पैसा जुन्नर, आंबेगाव, भोर, मुळशी, पुरंदरच्या गावांकडे वळतो, हे चांगलेच आहे. पण तो वळतो कशाच्या रूपाने? धान्य चाळणी यंत्र, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, पत्र्याची शेड. वस्तू दिसते, तिच्यावर फलक लावता येतो. ते यंत्र ज्या बचत गटाने, ग्रामसंघाने (गावातल्या गटांच्या संघाने) किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने (शेतकरीच जिचे भागधारक असतात) चालवायचे, तिथली वही कोण लिहितो आणि त्याला महिन्याला काय मिळते, हे मात्र प्रस्तावाच्या नमुन्यात सहसा विचारलेलेच नसते. गावातल्या संस्था ढासळतात त्या बहुतेक वेळा याच जागी. हे पत्र त्या एका मुद्द्यासाठी आहे. थोडे लांबले आहे, कारण आकडेमोड दाखवल्याशिवाय तो पटत नाही.

आधी बचत गट पाहू. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला, तिथून ही चळवळ वाढली. आज ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटातली कोणतीही बाई पंचसूत्री तोंडपाठ म्हणून दाखवते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पहिली चार सूत्रे बायका स्वतःच्या बळावर पाळतात. पाचवे कच्चे राहते, आणि बँकेत गेल्यावर नेमके तेच तपासले जाते.

गटाची वही जुळते की नाही, हे दहा मिनिटांत कळू शकते. समजा, गटात १२ जणी आहेत, दरमहा २०० रुपये बचत आहे आणि वर्ष झाले आहे. बचत झाली २८,८०० रुपये. अंतर्गत कर्जावर व्याज आले ३,९००, उशिराचा दंड १५०, फिरता निधी (गटाला भांडवल म्हणून मिळणारी रक्कम) मिळाला २०,०००. यातून वह्या, शिक्का, बँकेत जाण्यायेण्याचे भाडे असा ६५० रुपये खर्च वजा करा. गटाचा एकूण निधी झाला ५२,२००. आता दुसऱ्या बाजूने मोजा: बँक पासबुकातली शिल्लक ११,६००, पेटीतली रोकड ६००, सदस्यांकडून येणे असलेले कर्ज ४०,०००. बेरीज ५२,२००. दोन्ही बाजू एक आल्या म्हणजे वही खरी. शंभर रुपयांचाही फरक निघाला, तर त्या बैठकीत पुढचे कर्ज वाटू नये.

फरक पडतो तो चोरीमुळे क्वचितच. बहुतेक वेळा परतफेडीतले मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात लिहिलेले असते, त्यामुळे येणे कर्ज खरे किती हेच कळत नाही. कधी सदस्याच्या हातातल्या छोट्या पासबुकात नोंद होते आणि खातेवहीत राहून जाते. तीन-तीन महिने पासबुक भरून आणलेले नसते आणि बँकेने कापलेले शुल्क वहीत येत नाही. सर्वांत घातक प्रकार म्हणजे एखादीचे थकलेले कर्ज ‘फिटले’ असे दाखवून त्याच बैठकीत, त्याच तारखेला, तेवढेच नवे कर्ज तिच्या नावावर टाकणे. कागदावर परतफेड शंभर टक्के दिसते आणि पेटीत पैसा आलेलाच नसतो. वही तपासणाऱ्याने आधी ह्या जोड्या शोधाव्यात: एकच नाव, एकच तारीख, परतफेड आणि नवे कर्ज सारख्याच रकमेचे.

या बारा जणींचे नुकसान किती होते तेही पाहा. बचत गटाचे पहिले बँक कर्ज गटनिधीच्या सहा पट किंवा किमान दीड लाख, यांतले जे जास्त असेल तेवढे मिळू शकते. ५२,२०० च्या सहा पट म्हणजे ३,१३,२००. दहा लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ‘उमेद’सारख्या अभियानातल्या महिला गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज बँकांनी ७ टक्क्यांनी द्यायचे आहे. वही जुळत नसेल तर गट कर्जाला पात्र ठरवणाऱ्या श्रेणीत बसत नाही. मग याच गटातली बाई वीस-पंचवीस टक्क्यांच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात अडकते. हप्त्याचा वार आणि गटाच्या बैठकीचा वार एकच आला की हळूहळू बैठकीला येणेच बंद होते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. वही लिहिणारी लिपिका त्याच गटातली नको, शेजारच्या गटातली असावी. तिला मानधन गटाने स्वतःच्या व्याजातून द्यावे. बारा जणींच्या गटाने महिन्याला १२० रुपये दिले, तर एकीवर दहा रुपये पडतात. लिपिकेने बैठकीतच, सर्वांसमोर, जमा-खर्च मोठ्याने वाचून वही बंद करावी. ‘घरी जाऊन नीट लिहिते’ म्हणून वही नेली की हिशोब एकटीचा होतो. दर तीन महिन्यांनी ग्रामसंघाने वर दाखवलेली दोन बाजूंची बेरीज करून सही करावी. इतके केले तरी निम्मे आजार टळतात. पण या लिपिकांचे प्रशिक्षण, त्यांची वर्षातून दोनदा उजळणी, गळालेल्यांच्या जागी नव्यांची तयारी, याला पैसा लागतो आणि तो द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही.

वही कुणाच्या हाती, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून घेऊन जाळले. रोखा सावकाराच्या घरी, आणि त्यावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. आज वही गटाच्या स्वतःच्या पेटीत आहे, ही दीडशे वर्षांची मोठी मजल आहे. म्हणूनच ती कोऱ्या रकान्यांची राहू नये असे कळकळीने वाटते.

आता शेतकरी उत्पादक कंपन्या. केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली, तरतूद ६,८६५ कोटींची. कंपन्यांचा आकडा फेब्रुवारी २०२५ मध्ये गाठला गेला. प्रत्येक कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून कमाल १८ लाख रुपये आहेत. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिन्याला जास्तीत जास्त २५,००० आणि हिशोबनिसाला १०,००० धरले आहेत. दहा हजारांत पूर्ण वेळ हिशोबनीस कुठून मिळायचा? चाकणच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराच्याही हातात याहून जास्त पडतात. बारावी झालेला मुलगा येतो, वर्षभरात टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर शिकतो, आणि शिकला की शहरात निघून जातो. त्याला दोष देता येत नाही. पण त्याच्यामागे पावत्यांचा ढीग उरतो आणि बँकेचे जुळवणीपत्रक (वही आणि बँक खाते ताडून पाहण्याचा कागद) सहा-सहा महिने तयार होत नाही.

चौथ्या वर्षी हे साहाय्य थांबते. दोघांचा पगार महिन्याला ३५,०००, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. शेतमालाच्या धंद्यात सगळा खर्च जाऊन दोन टक्के सुटले तरी चांगले म्हणायचे. त्या हिशोबाने नुसते हे दोन पगार निघायलाच दोन कोटी दहा लाखांची उलाढाल हवी. आता ३०० सभासदांची सोयाबीन खरेदी करणारी कंपनी घ्या. प्रत्येकाची सरासरी पाच क्विंटल, म्हणजे १,५०० क्विंटल. हिशोबाला सोपा म्हणून ४,५०० रुपये भाव धरू. सभासदांचे सगळेच्या सगळे सोयाबीन कंपनीने घेतले तरी उलाढाल होते साडेसदुसष्ट लाख आणि दोन टक्क्यांनी सुटतात एक लाख पस्तीस हजार.

सगळे घेणेही शक्य नसते, कारण खेळते भांडवल नाही. प्रत्येकी हजार रुपयांचा भाग म्हणजे तीन लाख, त्यावर सरकारचे तितकेच समभाग अनुदान मिळाले तर सहा लाख. सहा लाखांत ४,५०० ने १३३ क्विंटल येते. सोयाबीन घेणारा गिरणीवाला पैसे पंधरा दिवसांनी देतो असे धरले, तर दीड महिन्याच्या हंगामात पैसा तीनदा फिरतो आणि खरेदी होते ४०० क्विंटलची. उरलेले अकराशे क्विंटल सभासद त्याच वाटेवरच्या व्यापाऱ्याला घालतो, आणि पारावर म्हणतो, ‘कंपनी आपली म्हणायची, पण माल काय घेत नाही.’ त्याचे काही चुकत नाही.

अशा स्थितीत संचालक मंडळाने सगळा माल रोखीने विकत घेण्याचा हट्ट सोडावा. माल ताब्यात घेताना ७० ते ७५ टक्के उचल द्यावी, बाकी विक्री झाल्यावर, आणि हे दोन्ही आकडे त्याच पावतीवर लिहावेत. किंवा माल गोदामात ठेवून तारण कर्ज घ्यावे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. बँकेकडे जायचे तर दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमीची सोय आहे. मात्र बँक आधी लेखापरीक्षित ताळेबंद मागते आणि गाडी पुन्हा हिशोबनिसापाशी येऊन थांबते.

खरेदीच्या काट्यावर पैसा कसा गळतो, हेही सांगायला हवे. सोयाबीन १२ टक्के ओलाव्याला विकले जाते. पाऊस लांबला की शेतकरी १४ टक्क्यांचे आणतो. दाताखाली दाणा फोडून ‘वाळलंय’ म्हणून घेतले आणि ते गोदामात १२ वर आले, तर क्विंटलमागे वजन सव्वादोन किलोंनी घटते. ४५ रुपये किलोने ती झाली १०२ रुपयांची घट. कंपनीचा दोन टक्के नफा होता ९० रुपये. म्हणजे दोन टक्के ओलाव्याने सगळा नफा गिळून वर खिशातले बारा रुपये नेले. भरीला बारदान. तागाच्या पोत्याचे वजन अर्धा किलोच्या वर असते. पन्नास किलोंच्या भरतीला ते वजा केले नाही, तर एक टक्का तिथेच गेला. म्हणून प्रत्येक पोत्याला नमुनादांडा मारून, पाच-सहा पोत्यांचा नमुना एकत्र कालवून ओलावा मापकावर तीन वेळा मोजावे आणि सरासरी पावतीवर लिहावी. मापक हंगामाच्या आधी बाजार समितीच्या किंवा गिरणीच्या मापकाशी पडताळून घ्यावा. १२ च्या वरच्या प्रत्येक टक्क्याला किती वजन कापायचे, याचा तक्ता काट्याशेजारी भिंतीवर लावावा. तक्ता नसला की संचालकाच्या भावकीला एक न्याय आणि इतरांना दुसरा, अशी कुजबुज सुरू होते. मग पुढच्या हंगामात माल येत नाही.

यंत्राचेही असेच गणित असते. ताशी एक टन चाळणारे यंत्र दिवसाला आठ तास चालले, तर या कंपनीचे सगळेच्या सगळे दीडशे टन सोयाबीन एकोणीस दिवसांत संपते. उरलेले ३४६ दिवस यंत्र उभे. राज्याच्या ‘स्मार्ट’सारख्या कृषी प्रकल्पात ६० टक्के अनुदान मिळते, पण ४० टक्के आपले घालावे लागतात, आणि ते बहुधा त्याच सहा लाखांतून जातात. बऱ्याच योजनांत अनुदान आधी खर्च झाल्यावर हप्त्याने हातात येते, त्यामुळे मधल्या काळात खरेदीला दमडी उरत नाही. थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार यंत्र बंद असले तरी दरमहा भरावाच लागतो. आमचे स्पष्ट मत असे की, पहिले दोन हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढावेत. शेजारच्या चार गावांचा माल चाळणीला येतो का, रब्बीत हरभरा-गहू मिळून वर्षाचे किमान शंभर दिवस भरतात का, हे वहीत उमटले की मगच खरेदीचा ठराव करावा.

निविष्ठा विक्री, म्हणजे बियाणे-खते-औषधांचे दुकान, हा त्यातल्या त्यात तग धरणारा धंदा आहे, कारण सभासद जूनमध्ये कुठून ना कुठून ते घेणारच असतो. परवाने तिन्हींचे वेगळे लागतात आणि औषधांसाठी शेती किंवा संबंधित विषयाचे पदवी-पदविकाधारक माणूस दाखवावे लागते. इथे बुडवते ती उधारी. उधारी द्यायचीच तर भागभांडवलाच्या मर्यादेत, आणि माल कंपनीला घालणाऱ्यालाच.

कायद्याच्या पूर्तता हा आणखी एक खड्डा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत, चौदा दिवसांची नोटीस, आणि गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. तीनशेंच्या कंपनीला पंच्याहत्तर माणसे सभेला हवीत. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेले असते, माणूस येत नाही, आणि मग घरोघर फिरून सह्या गोळा केल्या जातात. तसे करू नये. ऑगस्टमध्ये, भातलावणी उरकल्यावर, आठवडी बाजाराचा दिवस टाळून सभा घ्यावी आणि भाग दाखले त्याच दिवशी वाटावेत. दाखला हातात पडणार म्हटल्यावर लोक येतात. सभेनंतर ताळेबंद ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत कंपनी निबंधकांकडे दाखल करायचे. उशिराला प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. एक वर्ष चुकले की दोन फॉर्मचे मिळून ७३,००० रुपये, म्हणजे ३०० सभासदांच्या भागभांडवलाचा जवळजवळ चौथा हिस्सा. सलग तीन वर्षे चुकले, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. आपण कुठे संचालक आहोत हे ज्या शेतकऱ्याला धड समजावून सांगितलेलेही नसते, त्याच्यावर ही पाळी येते.

गावांत काम करणाऱ्या विश्वस्त संस्थांचेही थोडक्यात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. अर्ज अडतो तो सभेच्या नोटिशीची पोच, नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र किंवा जुन्याचा राजीनामा अथवा मृत्यूचा दाखला जोडलेला नसतो म्हणून. अर्ज पडून राहिला की बँक नव्या सह्या घेत नाही, आणि मंजूर झालेला निधीही खात्यावर तसाच पडून राहतो. शिवाय २०२० च्या परदेशी देणगी कायद्यातील दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला परदेशातून आलेली रक्कम पुढे लहान संस्थेला देता येत नाही. तालुक्यातल्या अनेक लहान संस्थांचा एक जुना आधार त्याने गेला. म्हणून पुण्याच्या उद्योगांकडे डोळे लागतात.

या उद्योगांच्या सीएसआर समित्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक: ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको’ असे अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला सांगितले जाते, ते नियमाचे चुकीचे वाचन आहे. ती पाच टक्क्यांची मर्यादा निधी देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या, देखरेख ठेवणाऱ्या माणसांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो. ग्रामसंघाची लिपिका किंवा शेतकरी कंपनीचा हिशोबनीस नसेल, तर प्रकल्प चालवणार कोण? दोन: पैसा मार्चच्या आत संपवलाच पाहिजे असेही नाही. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेले काम सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येते. उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकली की झाले. कायद्याने चार वर्षांची मुभा दिली असताना चार महिन्यांचे प्रकल्प का मागवायचे?

खर्च फार नाही. एका तालुक्यातल्या आठ शेतकरी कंपन्यांनी किंवा ग्रामसंघांनी मिळून एक अनुभवी हिशोबनीस ठेवावा. महिन्याला २५,००० पगार धरला, तर प्रत्येकीवर ३,१२५ रुपये पडतात. प्रत्येकीकडे तो महिन्यातून तीन दिवस बसेल, म्हणजे एकूण चोवीस दिवस. पहिल्या दिवशी पावत्या आणि बँक जुळवणी, दुसऱ्या दिवशी साठ्याची प्रत्यक्ष मोजणी, तिसऱ्या दिवशी संचालकांपुढे एका पानाचा मराठी गोषवारा: हातात किती, येणे किती, देणे किती, गोदामात किती. हे पान दर महिन्याला फलकावर लागावे. पहिल्या वर्षी पगार पूर्ण सीएसआरमधून, दुसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश, तिसऱ्या वर्षी अर्धा, चौथ्या वर्षी एक चतुर्थांश, असा उतरता ठेवला तर संस्थेला आपला वाटा उभा करायला वेळ मिळतो. एकदम बंद केला तर माणूस जातो आणि वहीसुद्धा त्याच्याबरोबर बंद होते.

या माणसांना शिकवायला पुण्यासारखी जागा नाही. सहकार आयुक्तालय, कृषी आयुक्तालय, पणन मंडळ, वखार महामंडळ, नाबार्डचे राज्य कार्यालय, सहकार व्यवस्थापन शिकवणारी वैकुंठ मेहता संस्था, प्रशासकीय प्रशिक्षण देणारी यशदा, सगळे याच शहरात आहे. गावच्या हिशोबनिसांसाठी दर जूनमध्ये दहा दिवसांचा, मराठीतून, खऱ्या वह्यांवर चालणारा वर्ग या संस्थांनी मिळून सुरू करावा. भोरचा किंवा जुन्नरचा मुलगा सकाळच्या एसटीने येईल, राहण्याची सोय मात्र करावी लागेल, कारण संध्याकाळची गाडी बहुतेकदा शेवटच्या तासाआधी सुटते.

उद्योगांना आज करता येण्याजोगी गोष्ट छोटी आहे. यंदाच्या प्रस्तावाच्या नमुन्यात ‘यंत्रसामग्री’ आणि ‘बांधकाम’ या रकान्यांच्या खाली एक रकाना वाढवावा: ‘हिशोबनिसाचे मानधन, ४८ महिने, उतरत्या दराने.’ तो कोरा ठेवून आलेला प्रस्ताव भरून आणण्यासाठी परत पाठवावा.

आपले,
ग्रामीण संस्थांच्या हिशोबाचे व प्रशिक्षणाचे काम करणारे काही जण, पुणे